दुसरा हात

रघू पेंटरने नाव लिहिल्याशिवाय रत्नागिरीत नवी होडी पाण्यात उतरत नाही, असं एके काळी म्हणायचे. ते दिवस गेले. दोन हजार तीन साली जिकडेतिकडे डिजिटल बॅनर लागले, तेव्हा रघूने बावन्नाव्या वर्षी ब्रश धुऊन ठेवले आणि कॉम्प्युटरच्या क्लासला पोराटोरांत जाऊन बसला. "ह्या वयात काय डोंबल शिकणार," असं म्हणणारी त्याची बायको हौसाच होती. पण फोटोशॉप शिकला, हे खरं.

एक सवय मात्र सुटली नाही. अक्षर लिहून झालं की वीस पावलं मागे जायचं आणि बघायचं. लांबून वाचता आलं तर ते नाव, नाहीतर नुसता फासलेला रंग.

पूर्णगडच्या गुलाम रसूलने आपल्या नव्या लाँचच्या फोटोचं कॅलेंडर करायला दिलं. वर 'शिफा', खाली 'बंदर पूर्णगड'. पहिली प्रिंट आली तशी रघूने ती दुकानाच्या भिंतीला लावली आणि मागे मागे गेला. अक्षरांच्या कडा विरघळल्या होत्या. त्याने डोळे चोळून पुन्हा बघितलं. त्याचे वडीलही पेंटर, आणि त्यांचे डोळे असेच गेले होते, आधी कडा आणि मग सगळंच. शेवटी ते ओटीवर बसून पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखायचे. रघूने आठ दिवस कोणाला पत्ता लागू दिला नाही. जेवताना हौसाने विचारलं, "घास का अडकतोय तुमचा?" तर म्हणाला, "माशाचा काटा." त्या दिवशी पानात माशाचं नावही नव्हतं.

नवव्या दिवशी गुलाम रसूल आला आणि प्रिंट बघून भडकला. "काय रे रघू, आमच्या गावाचा रफार खाल्लास काय? पूणगड करून ठेवलंस मेल्या!"

शिव्या खाऊन कोणी इतकं खूश झालं नसेल. म्हणजे यालाही दिसत नव्हता! दोष फाईलचा होता, डोळे शाबूत होते. रघू तसाच उठला आणि फोटो छापणाऱ्या लॅबवाल्या अक्रमकडे गेला.

"रघूदादा, फाईल सेव्ह कशी करता?" अक्रमने विचारलं.

रघूने ऐटीत सांगितलं. फोटो लहान असतानाच अक्षर लिहायचं, मग मोठा करायचा. रोज फाईल उघडायची आणि पुन्हा जेपीजी करून ठेवायची. रंग कधी एका हातात बसतो का? दुसरा हात, तिसरा हात मारला की अक्षर पक्कं होतं.

अक्रम कपाळावर हात मारून हसला. "अहो, इथे उलटं आहे. जेपीजी दर वेळी अक्षराच्या कडा थोड्या खातं. तुम्ही हात मारत नव्हतात, खरवडत होतात. आधी फोटो छापायच्या मापाचा करा, तीनशे रिझोल्यूशनचा. अक्षर सगळ्यात शेवटी लिहा. अक्षराचा थर वेगळा असलेली, लेयरवाली मूळ फाईल जपून ठेवा आणि मला टिफ फाईल द्या, ती कडा खात नाही. एकदाच."

रघूने सगळं नव्याने केलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एकाच हातावर काम सोडलं, आणि त्या धाकधुकीत त्याला धड झोप लागली नाही.

नवी प्रिंट भिंतीला लागली. गुलाम रसूल रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "बंदर पूर्णगड! रफार बघ, सुईसारखा!" अक्रमनेही मान डोलावली. हौसा डबा घेऊन आली होती, तीही उंबऱ्यातून घडाघडा वाचून मोकळी झाली.

रघू हसत हसत मागे निघाला. एक, दोन, तीन, चार. पाचव्या पावलाला रफार गेला. सातव्याला 'शिफा' नुसता निळा डाग झाला.

"जमलं ना?" गुलाम रसूलने विचारलं.

"झकास," रघू म्हणाला आणि बाजूच्या भिंतीला हात लावून उभा राहिला. ह्या वेळी फाईल बरोबर होती.