वरचा घोट, मधला घोट, तळचा घोट

लाल वाइन चाखून तिच्याविषयी मत देणारे जगात जेवढे म्हणून लोक असतील, त्या सगळ्यांत आत्मविश्वासात पहिला आणि ज्ञानात शेवटचा नंबर माझ्या मेहुण्याचा लागेल. मेहुणा म्हणजे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. नोकरीची सगळी वर्षं त्यानं मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत दगडाचे नमुने गोळा करण्यात घालवली, आणि निवृत्त होऊन बालाघाटला आला तो हा शौक घेऊन. शौकही बेताचा. दुकानाच्या मागच्या फळीवर धूळ खात पडलेली, सगळ्यांत स्वस्त बाटली तेवढी त्याला चालते. महाग वाइन चांगली असणारच, मग तिच्यात तपासायचं काय, असं त्याचं म्हणणं.

तपासणीची पद्धत मात्र खाणीतली. ढिगाचा नमुना वरून, मधून आणि तळातून घ्यावा लागतो, नाहीतर तो खोटा ठरतो. तोच नियम त्यानं बाटलीला लावला. वरचा, मधला आणि तळचा घोट घेतल्याशिवाय मत द्यायचं नाही. तळापर्यंत पोचायला बाटली संपवावी लागते, ही गोष्ट तो शास्त्राची सक्ती म्हणून सांगतो, आणि त्याची बायको ती ऐकत मुकाट्यानं भाजी चिरत राहते. पेला स्टीलचा, कारण काचेतून रंग दिसतो आणि रंग पाहून माणसाचं मत बिघडतं. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळलेली. गुण तो देत नाही. ती बाटली आणायला बसनं कुठवर जावंसं वाटेल, ते सांगतो. बरी असली तर जवळचं वारासिवनी. त्याहून बरी असली तर घाट चढून उकवा. मलाजखंडपर्यंतचा मान फार थोड्या बाटल्यांना मिळाला आहे.

एकदा त्याच्या बायकोनं एकाच वाइनच्या दोन बाटल्या वेगवेगळ्या कागदांत बांधून पुढे ठेवल्या. पहिलीला त्यानं वारासिवनीच्या बसमध्येही चढू दिलं नाही, दुसरीला थेट मलाजखंडला नेलं. कागद सोडल्यावर ती हसून हसून खाली बसली. तो जराही खजील झाला नाही. "नमुना तोच असते," तो म्हणाला, "तपासणाऱ्याचं तोंड बदलते. म्हणून तं दुसरा माणूस लागते."

हा दुसरा माणूस पूर्वी माझी पत्नी असे. ती थेंबभर घेई, तोंड वाकडं करी आणि यापेक्षा औषध बरं म्हणे. त्याला तेवढं पुरे.

ती गेली त्या हिवाळ्यात माझं जेवण सुटलं. ठरवून नव्हे, स्वयंपाकघरात पाय टाकवत नसे, एवढंच. चहा, बिस्किटं आणि उघडं पुस्तक यांवर दिवस जात, आणि पुस्तकाचं पानही उलटायचं राहून जाई. मुलीचा फोन आला की जेवलो म्हणून सांगायचो. कपडे अंगावर ढिले होत चालले होते.

तेरवीनंतरच्या एका शनिवारी, दिवेलागणीला, मेहुणा गुंडाळलेली बाटली घेऊन दारात उभा. मी आयुष्यात दारूला शिवलो नव्हतो. त्यानं ते नीट ऐकून घेतलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. रिकाम्या पोटी केलेली तपासणी धरत नाहीत म्हणे. चिन्नोर तांदळाचा भात टाकला, वांगी चिरली, मला ताटावर बसवलं. मग पेला दिला. मी म्हणालो, चव किंचित तुरट असून उत्तरार्धात आंबटपणाकडे झुकते.

"भाऊजी, पुस्तक वाचून राह्यले का वाइन पिऊन राह्यले? जाऊ कुठवर, तेवढं सांगा."

मी म्हणालो, बसस्टँडपर्यंत. त्या संध्याकाळी मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला होता, हे मला हात धुताना कळलं.

पुढे त्यानं नियम वाढवला. तपासणाऱ्यानं आपल्या हातचं खाल्लं पाहिजे. म्हणून शुक्रवारी मी वांगी आणायला बाजारात जाऊ लागलो, शनिवारी शिजवू लागलो, रविवारी उरलेली भाजी भाकरीशी खाऊ लागलो. असे आठवड्याचे वार मला एकेक करून परत मिळाले. माझी पहिली भाजी साफ करपली होती. त्यानं ती मिटक्या मारत संपवली. माझ्या ताटात पुन्हा अन्न आलं ते या माणसामुळे, हे मी कुणालाही सांगेन.

अलीकडे मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तळचा घोट घशाखाली उतरायच्या आत निकाल देणारा हा गृहस्थ हल्ली पेला हातात धरून माझ्या तोंडाकडे पाहतो, आणि मी म्हणेन तेच म्हणतो. परवाच्या शनिवारी मी विचारलं, तुझं स्वतःचं मत कुठं गेलं.

तो वर्तमानपत्राची घडी घालू लागला.

"मले चव नाही लागत, भाऊजी. ताई गेली तवापासून. वाइनची नाही, भाजीची नाही. घरी सांगतलं नाही. तुमी सांगता नं, तवा जराशी लागल्यावानी वाटते."

इतके दिवस मी समजत होतो, तो मला जेवू घालायला येतो.

मी पेला उचलला आणि घाई न करता चाखलं. त्याला सांगितलं, आधी जिभेच्या कडांना झोंबते. मग वांग्याच्या तिखटाशी जमवून घेते. आणि गिळल्यावर, जांभूळ खाल्ल्यावर टाळूला राहतो ना, तसा तुरटपणा राहतो. त्यानं डोळे मिटून घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला.

"हौ," तो म्हणाला, "जांभूळ आहे."

त्याला ते लागलं की नाही, कोण जाणे. मी त्याच्या ताटात भाजी वाढली आणि मधल्या घोटाविषयी सांगू लागलो.