नकाशाबाईंचं पान

मला संगणकाचा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. कागद, रंग आणि ब्रश सोडून दुसऱ्या कशाला हात लावायची वेळ आली की माझं डोकं फिरतं. नेमकं म्हणूनच नकाशाबाईंनी मला निवडलं. "सर, जरा इथे बसता का? तुम्हाला जमलं तर कुणालाही जमेल," असं त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाल्या. दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी आठवडाभर त्याचं तोंड पाहिलं नसतं. बाईंवर रागावता यायचं नाही, कारण आपण समोरच्याला लागेलसं बोललो हे त्यांच्या गावीही नसायचं.

त्या भूगोल शिकवत. काखेत कायम नकाशाची गुंडाळी, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. आपल्या वर्गासाठी त्यांनी एक वेबसाइट केली होती. मुलं तिला नुसतं 'पान' म्हणत. पहिल्यांदा मला दाखवलं तेव्हा ते पान म्हणजे सर्कशीचा तंबू होता. पिवळ्यावर लाल अक्षरं, कोपऱ्यात गरगर फिरणारा पृथ्वीचा गोल, वरून टपटप पडणाऱ्या चांदण्या.

"बाई, यात भूगोल कुठे आहे?" मी विचारलं.

"आहे की. शोधा."

मी शोधला. सापडला नाही. बाई माझ्या खुर्चीमागे वही घेऊन उभ्या होत्या आणि मी दहादा विचारलं तरी तोंडातून चकार शब्द काढत नव्हत्या. माझं बोट कुठे अडखळतं, मी कुठे उगाच दाबतो, कुठे उसासा टाकतो, सगळं टिपून घेत होत्या. शेवटी मी वैतागून उठलो.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "बोट अडखळलं की चूक पानाची, माणसाची नाही."

त्या एका वाक्यासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो. आयुष्यात प्रथमच कुणीतरी मला न येणारी गोष्ट माझी चूक नाही म्हणत होतं.

मग आमचं ते ठरूनच गेलं. मधल्या सुट्टीत मी खुर्चीवर, बाई मागे. मी त्यांना रंग शिकवले. म्हटलं, दोनच रंग घ्या आणि त्यांच्याशी इमानानं राहा. कडेला जागा मोकळी सोडा, डोळ्याला श्वास घेता आला पाहिजे. चांदण्या गेल्या, गोल थांबला. बटणांवर 'अभ्यासक्रम', 'संसाधने', 'संपर्क' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, ही काय सरकारी कचेरी आहे? मग 'आज काय?', 'काल काय झालं?' आणि 'अडलंय' अशी तीनच बटणं राहिली. 'अडलंय' दाबलं की एक चौकोन उघडायचा, त्यात प्रश्न लिहायचा. आधी तिथे नाव, वर्ग, हजेरी क्रमांक विचारला जाई. मुलं तिथपर्यंत येतात आणि परत जातात हे बाईंनी हेरलं आणि नावाची अटच काढून टाकली. बिननावाचे प्रश्न येऊ लागले. बाई प्रत्येकाचं उत्तर खाली लिहीत. 'उद्या वही आणायची का?' यालासुद्धा.

एकदा मी चिडून म्हटलं, "मुलं रोज तुमच्यासमोर बसतात. अडलं तर तोंडानं विचारतील. एवढा आटापिटा कशाला?"

बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ज्याला विचारता येत नाही त्याच्यासाठी करतेय."

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांना एक मुलगा आहे. नवराबायको वेगळे झाले तेव्हा तो वडिलांबरोबर दुसऱ्या शहरात गेला. दर रविवारी बाई फोन करत. दहा वर्षांचा असताना एका रविवारी तो म्हणाला, "तू फोन केलास की इथे भांडण होतं. नको करत जाऊस." बाईंनी शब्द दिला, आणि त्या दिलेला शब्द पाळणाऱ्या. त्यानंतर फोन नाही. फक्त त्याच्या वाढदिवसाला एक नकाशांचं पुस्तक पाठवलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर या वेबसाइटचा पत्ता लिहिला. खाली काही नाही. पार्सल परत आलं नाही. ते पोचलं असणार, याला एवढाच काय तो आधार.

तेव्हा तो पाचवीत होता आणि बाई पाचवीला शिकवत. भूगोलाचं पाठ्यपुस्तक दोन्ही शहरांत तेच. पुढल्या वर्षी बाईंनी सहावी मागून घेतली, मग सातवी, मग आठवी. दरवर्षी मुख्याध्यापिकेच्या दारात अर्ज घेऊन उभ्या. स्टाफरूममध्ये कुजबुज व्हायची, बाईंना वरच्या वर्गांची हाव सुटली आहे. कुजबुजणाऱ्यांत मीही होतो. खरं कळल्यावर मला माझीच लाज वाटली.

तो दहावीत गेला, बाईही दहावीला आल्या. आमची शाळा तिथेच संपते.

बाईंच्या खोलीवर मी दोनदाच गेलो असेन. एक टेबल, त्यावर संगणक, एक खुर्ची. दुसरी खुर्ची नव्हती. त्यांनी पलंगावरची उशी सरकवून मला जागा करून दिली. चहासाठी दुसरा कप शोधायला त्यांना बराच वेळ लागला आणि सापडला तो धुवावा लागला. त्या चहा करत होत्या तोवर मी 'अडलंय' उघडून बघितलं. सगळे प्रश्न आमच्याच पोरांचे. पाच वर्षांत त्या एका पोरानं काही विचारलं असेल असं कुठे दिसत नव्हतं. "रोज बघता?" मी विचारलं. "शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर," त्या म्हणाल्या, जणू नळाला पाणी आलंय का बघतात. मला गलबलून आलं.

आणि तिथेच मी माती खाल्ली. घरी जाऊन फोनवर ते पान उघडलं, 'अडलंय' दाबलं आणि एका बोटानं लिहिलं: 'बाई, नदी समुद्राजवळ आल्यावर एवढी वळणं का घेते? आमच्या सरांनी नीट सांगितलं नाही.' हुशारी ती 'आमच्या सरांनी'मध्ये होती. आमच्या शाळेत दहावीचा भूगोल बाईच शिकवत, म्हणजे प्रश्न बाहेरचा. मला वाटलं, एक दिवस बरा जाईल बिचारीचा. दुसरं काही मनात नव्हतं, पण नसून काय उपयोग?

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या त्या चालत नव्हत्या, तरंगत होत्या. मला काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीत मला खुर्चीवर बसवलं आणि नदीच्या वळणांवर केलेलं नवीन पान उघडून दिलं. उतार कमी झाला की नदीचा वेग कसा मंदावतो, एका काठाची माती खरवडून ती दुसऱ्या काठाला कशी टाकते, सगळं स्वतः काढलेल्या चित्रांसह. इतकं सुंदर पान त्यांनी आधी केलं नव्हतं. माझं बोट कुठेच अडखळलं नाही.

महिनाभरानं मुख्याध्यापिकेनं बैठक बोलावली. बाईंचं बघून इतर वर्गांनीही पानं केली होती; त्यातल्या एकावर बाहेरच्या कुणीतरी घाणेरडं लिहून ठेवलं होतं. आता सगळ्या पानांना कुलूप. आपल्या मुलांना पासवर्ड, बाकी कुणाला प्रवेश नाही. निर्णयात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

बाई उठून उभ्या राहिल्या. बैठकीत त्या कधी बोलत नसत. "माझं पान परीक्षेपर्यंत उघडं राहू द्या. बाहेरचा एक मुलगा त्यावर अभ्यास करतो."

"बाहेरचा कशावरून?"

बाईंनी घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. माझा प्रश्न. मुख्याध्यापिकेनं तो मोठ्यानं वाचला. "पण हा कोण, कुठला, तुम्हाला काय माहीत?"

"माझा मुलगा आहे," बाई म्हणाल्या.

इतकी वर्षं जे त्यांनी माझ्याशिवाय कुणाला कळू दिलं नाही ते माझ्या एका खोट्या ओळीच्या जोरावर त्या सगळ्यांसमोर बोलून बसल्या होत्या. मी तोंड उघडायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. मुख्याध्यापिकेनं चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "परीक्षेच्या शेवटच्या दिवशी दुपारी चारपर्यंत. त्यापुढे नाही."

बाहेर व्हरांड्यात बाईंनी मला गाठलं. "सर, रविवारी मी जाऊन येते. तो आपणहून बोललाय म्हणजे आता फोनवरचा शब्द सुटला, हो की नाही? दारातूनच बघेन. आत नाही जाणार."

आता गप्प राहणं म्हणजे त्यांना त्या दारापर्यंत ढकलणं होतं. मी सांगितलं. तिथेच, जिन्याच्या कठड्याला धरून. तो प्रश्न मी लिहिला, तुमची कीव आली म्हणून लिहिला, माझ्या हातून पाप झालं. जे सुचलं ते बोलत सुटलो.

बाई ऐकत होत्या. माझ्या मागे उभ्या राहून वहीत टिपताना असायचा तसाच चेहरा. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी काखेतली नकाशाची गुंडाळी दुसऱ्या काखेत घेतली.

"'सरांनी नीट सांगितलं नाही' हे फार चांगलं सुचलं तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि वर्गावर गेल्या.

त्या ओरडल्या असत्या तर मला परवडलं असतं. त्यानंतर मधल्या सुट्टीत मला बोलावणं आलं नाही. मी रोज डबा घेऊन त्या टेबलाजवळून मुद्दाम जायचो. बाई एकट्याच बसलेल्या, वही मिटलेली. घरी मीही एकटाच असतो. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. पण दुपारची ती वीस मिनिटं माझ्या एकटेपणातून वजा होत होती, हे मला ती मिनिटं बंद झाल्यावर कळलं.

परीक्षा आली आणि संपली. शेवटच्या दिवशी सव्वातीनला बाई चित्रकलेच्या खोलीत आल्या. अडीच महिन्यांनी. मी ब्रश धूत होतो. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. 'अडलंय'मध्ये दुपारी आलेला एक प्रश्न होता:

'पुढच्या वर्षी तुम्ही कुठल्या वर्गाला?'

वर काही संबोधन नाही, खाली नाव नाही.

माझे हात ओले होते. मी ते शर्टाला पुसले आणि पुन्हा वाचलं. आमची पोरं प्रत्येक वाक्याची सुरुवात 'बाई'नं करतात. शिवाय आमची पोरं शाळा सोडून चालली होती, बाई पुढे कुणाला शिकवणार याच्याशी त्यांना काय देणंघेणं? हे विचारणाऱ्याला ठाऊक होतं की बाई दरवर्षी एक वर्ग वर चढत आल्या आहेत. पाच वर्षं कुणीतरी हे मोजत आलं होतं.

"बाई," मी म्हटलं, "हा मी नाही लिहिलेला."

"राहू द्या, सर."

"आईशपथ सांगतो. मी त्या दिवसानंतर त्या चौकोनाला हात लावलेला नाही."

"या वेळी 'बाई' गाळलंत," त्या शांतपणे म्हणाल्या. "बरं केलंत. खरं वाटतं त्यानं." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मुलांच्या चित्रांना मी जसे गुण देतो तसे त्या मला देत होत्या. "मला राग नाही आलेला. कुणीतरी आपल्यासाठी एवढं करतं, तेही काही कमी नाही. पण आता पुरे."

मी फक्त हातापाया पडायचा राहिलो. म्हटलं, माझा फोन घ्या, तपासा. म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण चारच्या आत दोन शब्दांचं उत्तर तेवढं लिहा, तुमचं काय जातंय? 'उद्या वही आणायची का' यालासुद्धा तुम्ही उत्तर देता. त्या ऐकत राहिल्या आणि मी जितका जीव तोडून बोलत गेलो तितकी त्यांची खात्री होत गेली, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खोटं बोलताना मी इतक्या पोटतिडकीनं बोललो नव्हतो.

"उत्तरच हवंय ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग तोंडीच देते. पाचवीला. पुन्हा पहिल्यापासून."

चार वाजायला दहा मिनिटं असताना त्यांनी माझ्यासमोरच पानाला कुलूप घातलं आणि फोन पर्समध्ये टाकला. जाताना म्हणाल्या, "रंग मात्र तुम्ही छान शिकवलेत."

घरी पोचल्यावर मी ते पान उघडून बघितलं. मध्ये एक रिकामी चौकट होती आणि वर लिहिलं होतं, 'पासवर्ड टाका'. उत्तर आलंय का बघायला तो आला असेल, तर त्यालाही तेच दिसलं असणार.