चाकवाले मामा

काम नसलेल्या दिवशीही चाकवाले मामा कामावर जात. सकाळी बैलगाडी जुंपत, चुना मळायच्या घाणीचं अवजड दगडी चाक तिच्यावर दोरांनी आवळून बांधत आणि परभणीच्या भर रस्त्यातून निघत. कुणीतरी हटकायचंच, "काय गुत्तेदार, कुठं निघालात?" मामा गाडी थांबवत नसत. "कामावर!" एवढंच म्हणत आणि पुढे जात.

एकदा वडिलांबरोबर टांग्यातून झरीला जाताना मला ते दिसले. रस्त्याच्या कडेला एका निंबाखाली गाडी सोडलेली, बैल कडबा खाताहेत आणि मामा चाकाला पाठ टेकून नुसते बसलेले. आसपास ना दगड, ना चुना, ना माणूस. वडील कागद वाचत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मामांनी मला पाहिलं, हसले आणि ओठांवर बोट ठेवलं. मी ते कुणालाही सांगितलं नाही. न सांगणं हा एक गुण माझ्यात भरपूर होता.

तेव्हा मी हैदराबादहून नुकतीच घरी परतले होते. आत्याकडे राहून तिथल्या इंग्रजी शाळेत मी मॅट्रिकपर्यंत शिकले. मराठी मला येत होतं, पण बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवावं लागे आणि ते जुळेपर्यंत बोलणं पुढे निघून गेलेलं असे. त्यामुळे मी खिडकीशी बसून राही. त्याच खिडकीखाली मामांनी आमच्या आडाचं काम केलं. जुन्या आडाची आतली भिंत ढासळली होती, ती त्यांनी तळापासून नव्याने बांधून काढली. अंगणात गोल चर खणला, त्यात चुना आणि वाळू टाकली आणि रेड्याला जुंपून ते चाक महिनाभर चरातून फिरवलं. चाकाचा घरघर आवाज बंद झाला की माझं पुस्तकातलं लक्ष उडायचं, इतकी त्याची सवय झाली होती.

आडाचं काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चाक गाडीवर चढलं. आईने विचारलं, "अहो, पुढचं काम लागेपर्यंत राहू द्या की इथंच. आम्हाला काय अडचण?"

"न्हाई बाईसाब. बसलेलं चाक दिसलं की लोकान्ला गुत्तेदार बसलेला दिसतोय. मग बसलेल्याला काम कोन देतंय?"

मामा गुत्तेदार म्हणून नवेच होते. वय पन्नाशीचं, पण स्वतःच्या नावाने काम घ्यायला लागून वर्षही झालं नव्हतं. त्याआधी वीस वर्षं ते एका मोठ्या गुत्तेदाराच्या हाताखाली गवंडी होते. आमचा आड हे त्यांचं पहिलं काम, आणि दुसऱ्याचा अजून पत्ता नव्हता. त्यांच्याबरोबर चार माणसं बाहेर पडली होती, दोन गवंडी आणि त्यांच्या बायका. काम असलं की ही चौघं तिथेच चूल मांडून राहत. आता ती सरकीच्या कारखान्यात रोजाने जात होती आणि मामा एकटेच चाक हिंडवत होते.

दर आठवड्याला ते आमच्याकडे येत. "आडाची तब्येत इचारायला आलो," म्हणत. बादली सोडून पाणी काढत, ओंजळीने पीत, मग काठावर ओणवे होऊन आत हात घालत आणि सांध्यांवरून बोटं फिरवत. घरात कधी येत नसत, आईने चहा दिला तर ओसरीच्या पायरीवर बसून घेत. एकदा असेच बसले असता वडिलांशी झालेलं त्यांचं बोलणं मी खिडकीतून ऐकलं.

"संक्रांतीपत्तूर बघतो, वकीलसाब. तवर काम न्हाई लागलं तर चाक इकतो अन् जातो परत थोरल्या गुत्तेदाराकडं. ये म्हून सांगून धाडलंय त्यांनी."

"मग जा की. हक्काची भाकरी आहे."

"भाकरीला नावं न्हाई ठेवत मी. पर इस वर्सं तिथं भिती बांधल्या. ही कुनी बांधली म्हून कुनी इचारलं तर थोरल्याचं नाव. तुमच्या आडाची ही भित, एवढी एक माझी हाय." कप पायरीवर ठेवत ते म्हणाले, "अजून एक झाली असती तर बरं वाटलं असतं."

संक्रांतीला दीड महिना उरला होता.

त्यानंतर आठेक दिवसांनी मामा आले ते थेट माझ्या खिडकीपाशी. हातात फळीचा तुकडा होता. तो त्यांनी गजांतून आत सरकवला.

"अक्का, हे काय हाय बघता का जरा? टेसनाच्या भितीवर लावलंय. इंग्रजी दिसायलाय."

फळीवर कोळशाने एक नोटीस उतरवली होती. मामांना कुठलीच अक्षरं वाचता येत नव्हती, पण दगडातली नक्षी पाहून तशीच दुसऱ्या दगडावर उठवण्याची सवय हाताला होती. त्यांनी अक्षरं लिहिली नव्हती, चित्र काढलं होतं. कागदाचा फाटलेला कोपरा, चार खिळे, शिक्क्याचा गोल, सगळं जागच्या जागी होतं. एका ओळीवरून माशी चालत असावी, कारण तीही होती. मला हसू आलं. मामाही हसले. "होती म्हून काढली. आपल्याला काय ठावं, अक्षर हाय का माशी!"

मी नोटीस वाचून सांगितली. चुडाव्याच्या स्टेशनाजवळ रेल्वेला एक विहीर बांधून घ्यायची होती. काम करू इच्छिणाऱ्याने पूर्ण्याच्या कचेरीत इंग्रजीत दरखास्त द्यायची होती.

"मग लिवा की, अक्का," मामा म्हणाले. "तुमी बोलत न्हाईत लय, पर लिवत असाल."

शाळेत आम्हाला अर्ज लिहायला शिकवलं होतं. अर्जदाराने आपली योग्यता ठसठशीत मांडावी, असं बाई सांगत. मी दोन दिवस खपून एक सुंदर पत्र तयार केलं. वळणदार अक्षर, डावीकडे समास, शेवटी नम्रतेची दोन वाक्यं. मधल्या परिच्छेदात मी लिहिलं की अर्जदाराने या जिल्ह्यात अनेक विहिरी, पूल आणि इमारती बांधल्या आहेत. लिहिताना हात जराही अडखळला नाही. नुसता एक आड लिहिला तर पत्र फार उघडं दिसलं असतं. शिवाय वीस वर्षांत त्यांनी पूलही बांधले असतीलच, असं मी मनाशी म्हटलं. मामांना मी ते वाचून दाखवलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पत्राची घडी त्यांनी मुंडाशात खोवली आणि गाडीने पूर्ण्याला गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या चालण्यावरूनच मला कळलं. ते आडाकडे गेले नाहीत. खिडकीखाली उभे राहिले.

"साहेबानं कागद वाचला. मग शिपायाकडून इचारलं, कुठला पूल बांधला? मी म्हनलं, पूल न्हाई बांधला. मग इमारती? न्हाई. इहिरी किती? म्हनलं, इहीर बी न्हाई, आड हाय. एक. शिपाई हसाय लागला. साहेब हसला न्हाई. ह्यो मानूस लबाड हाय म्हनला असंल, मला काय कळलं न्हाई, पर कागद बाजूला सारला." ते गज धरून उभे होते. "अक्का, त्यात काय लिवलं होतं ते आता वाचा. आपल्या भाशेत."

पत्राचा कच्चा खर्डा माझ्या वहीत होता. मी तो काढला आणि एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. त्या दिवशी वाक्यं जुळवायला वेळ लागला नाही. अनेक विहिरी. पूल. इमारती. मामा मान खाली घालून ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "ह्यात मी कुठं हाय?"

मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. लगेच आवाज बदलून म्हणाले, "अक्षर झ्याक होतं, बरं का. साहेब बी लय येळ बघत होता. आता दुसरं लिवा. मी सांगतो तसं."

त्यांनी सांगितलेलं पत्र अवघं चार ओळींचं झालं. मी एक आड बांधला आहे. तो परभणीत अमुक वकिलांच्या अंगणात आहे. पाहता येईल. चौथ्या ओळीत त्यांना घालायचं होतं, "बघायचं असंल तर बादली सोडून पानी बी पिऊन बघा." ते मी इंग्रजीत कसंबसं बसवलं. त्या कागदावर इतकी जागा कोरी राहिली की मला तो देताना लाज वाटली.

मामा पुन्हा पूर्ण्याला गेले. साहेब भेटले नाहीत, तेव्हा कागद शिपायाकडे देऊन आले. मग ते आपले रोजच्यासारखे चाक घेऊन निघू लागले. "कुठं निघालात?" "कामावर!" आवाज तसाच खणखणीत. फक्त मला ठाऊक होतं की ते निंबाखाली जाऊन बसतात. आता त्याला कारण मी होते.

पौष लागला. एका दुपारी वडील अदालतीत गेलेले, आई शेजारी हळदीकुंकवाच्या तयारीला. फाटकाशी टांगा थांबला आणि टोपी घातलेले एक उंच गृहस्थ उतरले. हातात दोन कागद होते. मी खिडकीतूनच माझं अक्षर ओळखलं. मोलकरीण घाबरून आत आली, "ताई, साहेब आलाय कुनीतरी, इंग्रजी बोलायलाय." मी दाराशी गेले. अनोळखी माणसासमोर अशी मी पूर्वी कधी गेले नव्हते.

साहेबांनी दोन्ही कागद पुढे धरले. अक्षर एकच आहे, मग माणसं दोन कशी, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. त्या भाषेत मला वाक्य जुळवावं लागत नसे. मी म्हटलं, "पहिलं पत्र माझं आहे. त्यांना ते वाचता येत नाही. दुसरं त्यांचं आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आडाकडे गेले. कोट काढून काठावर ठेवला आणि ओणवे होऊन आत पाहिलं. खिशातली किल्ली काढून हात पोचेल तिथला एक सांधा खरवडला. किल्लीकडे पाहिलं, पुन्हा जरा जोराने खरवडला. मग दुसऱ्या पत्राची चौथी ओळ वाचून त्यांनी स्वतःच बादली सोडली आणि पाणी प्यायलं. अंगणातल्या गोल चराकडे बोट करून हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, चुना इथे मळला, महिनाभर. ते "हं" म्हणाले, कोट घातला, टोपी किंचित उचलली आणि गेले. काम दिलं की नाही, ते मी विचारू शकले नाही. वाक्य ओठांवर आलं तेव्हा टांगा वळला होता.

भोगीच्या दिवशी सकाळी रस्त्यावर गाडीचा आवाज आला. आई तिळाचं ताट घेऊन दारात होती. "अहो मामा, सणासुदीचं कुठं निघालात?"

"कामावर, बाईसाब!"

आवाज रोजचाच, तेवढाच खणखणीत. त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. मी खिडकीचे गज धरून पाहत राहिले. चाक पुढे गेलं, आणि गाडीच्या मागून दोन गवंडी आले. त्यांच्या मागे त्यांच्या बायका, एकीच्या डोक्यावर परात आणि तवा, दुसरीच्या डोक्यावर एकावर एक दोन घागरी. शेवटी रेडा. चुलीचे दगडसुद्धा त्यांनी गोणपाटात बांधून घेतले होते. मामांनी खिडकीकडे पाहिलं नाही. फक्त हात वर केला आणि चुडाव्याच्या रस्त्याला लागले.

विहीर पुरी झाल्यावर ते एकदा आले, चुडाव्याचं पाणी चरवीत भरून घेऊन. "पिऊन बघा, अक्का. दोन झाल्या आता." मी प्यायले. प्रवासात पाणी कोमट झालं होतं, पण मी गोड आहे म्हटलं, आणि मामा म्हणाले, "खरं सांगा." मग मी कोमट आहे म्हटलं. ते खूश झाले. पुढे एका कामावरून दुसऱ्यावर करत ते नांदेडच्या बाजूला गेले. तिकडून कुणी आलं की चाकवाले दिसल्याचं सांगे. निजामी जाताना जी धांदल उडाली, तीत गावंच्या गावं हलली. त्यानंतर त्यांच्याविषयी सांगणारं कुणी भेटलं नाही.

आता मी इंग्रजी कागद मराठीत करून देण्याचं काम घेते. नोकरी नाही, ज्याचा कागद त्याचं काम. दोन कामं झाली आणि तिसरं येईना, तेव्हा मी टेबल उचलून रस्त्याकडच्या खिडकीशी मांडलं, दौत उघडी ठेवली आणि रोज सकाळी तिथे बसू लागले. येणारेजाणारे विचारतात, "काम चाललंय वाटतं?" मी "हो" म्हणते. एवढं एक वाक्य मला जुळवावं लागत नाही.

काल काम मागायला एका कचेरीला द्यायची माझी स्वतःची दरखास्त लिहायला घेतली. समास सोडला, अक्षर वळणदार काढलं. 'अनेक' हा शब्द लिहूनही झाला होता. अंगणात तो गोल चर अजून आहे, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि चिमण्या येतात. त्याच्याकडे पाहत थोडा वेळ बसले. मग कागद बदलला आणि लिहिलं: मी दोन कामं केली आहेत. पाहता येतील.