टांगा अडला त्या सकाळी

देव गावातच राहतो, शहरात आपल्यामागे येत नाही, असं परभणीत आल्यावर मला वाटायला लागलं होतं. निजामाच्या राज्यातली गोष्ट. मुलाला कापसातली सरकी काढायच्या जिनात काम लागलं म्हणून आम्ही राणीसावरगाव सोडलं. स्टेशनच्या बाजूला जिन, गोदामं, अंमलदारांचे बंगले भराभर उठत होते. बंगल्यांच्या भिंतींपलीकडे आमच्या तट्ट्यांच्या झोपड्या. त्या भिंती आमच्याच माणसांनी बांधल्या होत्या, पण आतल्या विहिरीवर घागर बुडवायची आम्हाला मुभा नव्हती. पोखर्णीच्या नृसिंहाचा टाक कोनाड्यात ठेवून मी रोज हात जोडी. मन मात्र लागत नसे.

एका उन्हाळ्यात मोंढ्याच्या बाजाराकडची सडक रुंद करायचं ठरलं आणि वस्ती हलवण्याची दवंडी फिरली. जायचं कुठं, ते कोणी सांगितलं नाही. माणसं झोपड्या उतरवायला आली त्याच सकाळी माझ्या सुनेला कळा सुरू झाल्या. मुलगा कामावर होता. झोपड्या उतरवणाऱ्यांचा मुकादम तसा वाईट नव्हता. "मावशी, तुमची झोपडी शेवटाला उतरवतो," तो म्हणाला, "पण दुपारपस्तोर जागा मोकळी करावीच लागंल. मला वरून हुकूम हाय."

"आत्याबाई, मला उठवंना," सून म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी टाक ओच्यात घेतला आणि मनात म्हणाले, नरहरी, मला काही सुचंना, आता तूच बघ. एरवी मी त्याला काय हवं आणि कसं हवं, सगळं सांगत असे. त्या वेळी तेवढंही सुचलं नाही.

तेवढ्यात सडकेवर एक पडद्याचा टांगा थांबला. घोडा पुढे पाऊल टाकेना. टांगेवाल्याने चुचकारलं, लगाम ओढला, तरी तो जागचा हलेना. सुनेचं कण्हणं ऐकून आतून बुरख्यातल्या एक बाई उतरल्या आणि सरळ झोपडीत आल्या.

"कब से तकलीफ हे?" त्यांनी विचारलं.

"सकाळधरनं, बाईसाहेब."

"इसको टांगे में बिठाव. मेरा घर पासइच हे."

आम्ही सुनेला धरून टांग्यात बसवलं, तसा घोडा निमूट चालू लागला. पाडापाडीच्या धुळीला बुजला असंल, असं टांगेवाला नंतर म्हणाला. असेलही.

भिंतीपलीकडच्या बंगल्यात, मागच्या ओसरीवर, माझी नात जन्मली. बाईंनी आपली सुईण बोलावली होती. बाळाला त्यांनीच पहिल्यांदा उचललं आणि कितीतरी वेळ माझ्याकडे दिलं नाही. मुलाने बंगल्यामागच्या पडीक जागेत नवी झोपडी उभारली, हळूहळू बाकीचेही तिथेच आले. बाईंनी मागच्या भिंतीला दार पाडून घेतलं आणि साऱ्या वस्तीला विहीर मोकळी केली. घरचे साहेब नाखूश होते म्हणे. पण दार राहिलं.

सडक मोठी देखणी झाली. आम्ही मात्र तिच्यापासून आणखी आत ढकलले गेलो, आणि त्याची खंत मला अजून आहे. तरी ते दिवस आठवले की मन भरून येतं. सकाळी घागर घेऊन त्या दाराशी उभी राहिले की नरहरीचं नाव आपसूक तोंडी येई आणि मागायला काही उरलेलं नसे. त्याच्यावर भार टाकला की मदत कोणाच्या हातून यावी हे आपण ठरवायचं नसतं, एवढं मला तिथं कळलं.