मामांचं मोजपात्र

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. मापाच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. प्रयोगासाठी कापलेला बटाट्याचा तुकडा केसभर लांब निघाला तरी माझ्यादेखत बादलीत टाकायचे. मी शिक्षिका, मला राग यायचा, पण तिथे माझी डाळ शिजत नसे.

मामींच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी दिवसाला सातशे मिलिलिटरच पाणी द्यायला सांगितलं. मामांनी मला विचारून एक मोजपात्र घरी नेलं आणि दोन वर्षं त्यातूनच मामींना पाणी दिलं. शेवटच्या संध्याकाळी मामींनी घोटभर जास्त मागितलं. "आजचं संपलं, आता सकाळी," मामा म्हणाले. मामींना सकाळ दिसली नाही.

पंधरा दिवसांनी मामा कामावर आले. आल्या आल्या मोजपात्र घासून जागेवर ठेवलं आणि हे सगळं मला सांगितलं. मी परासरणाच्या प्रयोगाची वही काढली. बटाट्याचे तुकडे मिठाच्या आणि साध्या पाण्यात ठेवायचे, कोणता आक्रसतो आणि कोणता पाणी पिऊन फुगतो ते बघायचं.

"प्रत्येक बशीत पन्नास मिलिलिटर लिहू ना, मामा?"

मामांनी बटाटा कापायला घेतला.

"मिठाच्या बशीत पन्नास लिहा, बाई. साध्या पाण्याचं माप लिहू नका. त्याला हवं तेवढं पिऊ द्या."