टेबलावर सोडलेलं पुस्तक

वाचनालयात संगणक आला तेव्हा सगळ्यांत जास्त हुरूप मलाच होता. प्रत्येक पुस्तकाला बारकोड चिकटवला, विषय भरले, भाषा भरली. हिंदी मुलखातल्या आमच्या या शनवारा मोहल्ल्यातल्या कोणालाही घरबसल्या मोबाइलवर पुस्तक शोधता यावं, अशी सोय केली. आणि त्याच संगणकाचा पहिला अहवाल मागच्या खोलीतल्या मराठी पुस्तकांच्या कपाटाच्या मुळावर उठला. देवघेव शून्य.

वाचनालयाच्या समितीला ती खोली स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी हवीच होती. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, कोई पढ़ता ही नहीं, तर ठेवायचं कशाला? पुढच्या बैठकीपर्यंत बघू, नाहीतर बोऱ्यांत भरून टाका." माझं डोकंच फिरलं. पण त्यांच्या हातातला कागद मीच काढून दिलेला होता.

खरं तर त्या कपाटाला एक वाचक होता. कागदाच्या मिलमधून निवृत्त झालेले एक काका. तरुणपणी नोकरीसाठी महाराष्ट्रातून आले ते इकडचेच झाले. आता सिंधीपुऱ्यात मुलाकडे राहत. रोज दुपारी येऊन मागच्या खोलीत मराठी पुस्तक वाचत बसायचे आणि निघताना ते काढलं तिथंच परत लावायचे. घरी कधी नेत नसत. "घरी समदं हिंदीत चालते, त्यात टीव्ही. इथं बरं वाटते," म्हणायचे. आणि घरी न नेलेलं पुस्तक संगणकाच्या लेखी कोणी वाचलेलंच नव्हतं.

मी सेटिंग पुन्हा उघडली. जागेवर बसून वाचलेल्या पुस्तकांची वेगळी नोंद ठेवायची सोय त्यात होती, ती सुरू केली. वाचकाने पुस्तक टेबलावर सोडायचं, संध्याकाळी मी ते स्कॅन करून कपाटात लावायचं. सोबतचे कारकून म्हणाले, "मॅडम, रोज दोन-चार तुम्हीच स्कॅन करून टाका ना, कोण बघायला येतंय?" मी त्यांना फाडकन नाही म्हटलं. न वाचलेलं पुस्तक वाचलं म्हणून नोंदवायचं, मग कपाट ठेवायचं तरी कशासाठी?

काकांना सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. संध्याकाळी जाऊन पाहते तर टेबल रिकामं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी माझा तोल गेला. "काका, तुम्ही एवढं नीट जागेवर ठेवता म्हणूनच हे कपाट जाणार आहे!"

ते म्हणाले, "पोरी, मिलमधी हत्यार जागेवर ठेवल्याबिगर कधी घरी गेलो नाही. हाताले सवय लागून गेली." आणि कपाटाकडे बघत, "खरंच जाईल का हे?"

"जाईल," मी म्हटलं.

त्या दिवशी त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, कडेशी सरळ केलं, दारापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. पसारा तसाच टाकून निघताना माणूस ओशाळतो, तसे ते ओशाळले होते. मला फार वाईट वाटलं. पण त्यानंतर रोज संध्याकाळी टेबलावर एक पुस्तक असायचं.

बैठकीत आकडा दाखवला. कपाट वर्षभरासाठी राहिलं. काकांना सांगितलं तेव्हा ते नुसते हसले आणि वाचायला बसले.

उन्हाळ्यात ते यायचे थांबले. मग एक दिवस त्यांचा मुलगा सभासदाचं कार्ड परत करायला आला. काका गेले होते. तो म्हणाला, "मॅडम, बाबा इथं रोज येऊन करायचे तरी काय? हमको तो कभी कुछ बताया नहीं."

"वाचायचे," मी म्हटलं. त्याला कपाट दाखवलं. तो बराच वेळ तिथं उभा राहिला, एकाही पुस्तकाला हात न लावता.

आता वर्ष संपत आलं आहे आणि काका गेल्यापासूनचा आकडा पुन्हा शून्य. माझ्याही घरी बोलणं अर्धं हिंदीतच. शाळेनंतर मराठी पुस्तक मी सलग वाचलेलं आठवत नाही. काल दुपारी मागच्या खोलीत गेले, काकांनी अखेरचं टेबलावर सोडलेलं पुस्तक काढलं आणि त्यांच्या खुर्चीवर बसले. आधी अडखळत, मग लागलं वाचन. उठताना हात आपोआप कपाटाकडे गेला. तो मागे घेतला. पुस्तक टेबलावर ठेवलं, कडेशी सरळ केलं, आणि स्कॅनर आणायला गेले.