अक्कांनी शिकवलेली पोरगी

दुपारचं जेवण झालं की माझा डोळा लागतो, आणि त्या अर्ध्या झोपेत मला फोनमधल्या कोंबड्या ऐकू येतात. कोंबड्या, विहिरीवरची मोटर, कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज, आणि या सगळ्यातून सावकाश चालत येणारा अक्कांचा आवाज: "हां पावणं, बोला. म्हस रवंथ करती का?"

पशुखाद्य विकणाऱ्या एका कंपनीत मी साहेब आहे. जनावर आजारी पडलं की शेतकऱ्यानं आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात फोन करायचा, आम्ही विचारपूस करून डॉक्टर पाठवायचा, अशी सोय होती. फोनवर अक्का बसायच्या. त्यांचं माहेर सीमेकडचं, त्यामुळं कन्नड आणि मराठी दोन्ही तोंडात. ऐकताना त्या डोळे मिटायच्या. काचेपलीकडून बघताना मला वाटायचं, या झोपेतच बोलताहेत आणि पलीकडचं गाव त्यांच्या स्वप्नात चालू आहे.

मग भिंतीवर फोन घेणाऱ्या सगळ्यांच्या नावांचा मोठा पडदा आला. फोन तीन मिनिटांत संपला तर हिरवा, लांबला तर लाल. तीन मिनिटं मीच ठरवली होती. अक्कांची ओळ कायम लाल. एकदा त्यांनी विचारलं, "सायेब, माझ्याच नावाला तेवढा गुलाल का लावलाय वो? निवडून आले का काय मी?" सगळे हसले. मीही हसलो. खरं कारण सांगितलं नाही.

पुढं वरून ठरलं की फोन मशीननंच घ्यायचे. पुण्याहून आलेलं मशीन पुस्तकासारखं बोलायचं. चाचणीला पहिलाच फोन हातकणंगल्याकडचा. मशीन म्हणालं, "कृपया आपली अडचण सांगा." गडी म्हणाला, "म्हस आडवी पडलीया, उठत न्हाय." मशीन म्हणालं, "आपण 'नाही' म्हणालात. धन्यवाद." आणि फोन बंद.

म्हणजे त्याला आमची बोली शिकवायला हवी होती. ते काम माझ्याकडं आलं. मी अक्कांना म्हणालो, "नवी पोरगी येणार आहे. तिला इकडचं बोलणं कळत नाही. तुम्ही बोला, आम्ही रेकॉर्ड करून तिला ऐकवू."

हे तोंडातून चुकून गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. चुकून नव्हतं. आदल्या संध्याकाळी गाडी चालवताना मी ते वाक्य दोनदा म्हणून बघितलं होतं.

तीन महिने रोज दुपारी त्या छोट्या बंद खोलीत बसून अक्का त्या पोरीला शिकवत होत्या. "बाई फोनवर आली तर बाईलाच इचार गं. दाल्ल्याला म्हशीचं काय ठावं नसतंय." "सीमेकडचा असला तर अण्णा म्हण, निम्मं काम तिथंच हुतंय." मध्येच थांबून मला म्हणायच्या, "लईच बोलले का? पोरगी कंटाळंल." एकदा त्यांनी जुन्या लुगड्याची उशी शिवून आणली. "त्या खुर्चीनं माझी कंबर गेली. तिची जाया नगं." मी उशी घेतली. देतो म्हणालो.

शेवटच्या आठवड्यात रेकॉर्डिंगला बसणाऱ्या मशीनवाल्यानं विचारलं, "समोरचं माणूस रडायला लागलं तर काय म्हणायचं?" अक्कांना विचार करावा लागला नाही. "म्हणायचं, भिऊ नगा, मी हाय की."

मग त्यांना पत्र दिलं. त्यात 'पुनर्रचना' असा शब्द होता. तो त्यांनी बोट ठेवून वाचला आणि घडी घालून पिशवीत टाकला. मला एवढंच विचारलं, "पोरगी कवा येनार? तोंड बघून गेले असते."

"सोमवारी," मी म्हणालो.

त्यानंतर मी मोठ्या पदावर गेलो. अधूनमधून नमुन्याचे फोन ऐकायचे आणि मशीन नीट बोलतंय का ते बघायचं, हे माझं काम झालं. यंदा हिवाळ्यात एका सकाळी कानात हेडफोन घालून बसलो होतो. बाहेर धुकं, खिडकीतून दुसरं काही दिसत नव्हतं. बिद्रीकडची एक म्हातारी बोलत होती. तिची कालवड शेवटचे श्वास घेत होती, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मशीन अक्कांच्या आवाजात म्हणालं, "भिऊ नगा, मी हाय की." म्हातारी जरा शांत झाली. मग तिनं विचारलं, "जाणार न्हाईस न्हवं तू?"

"मी हाय की," मशीन म्हणालं.

दुसऱ्या दिवशी मी शिवाजी पेठेत अक्कांच्या घरी गेलो. त्या उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पोरगी नव्हती, कधीच येणार नव्हती, मशीन होतं, आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बिद्रीकडच्या म्हातारीचा फोनही सांगितला.

त्यांनी हातातली शेंग फोडली नाही, टाकलीही नाही.

"नाकात चमकी हुती तिच्या," त्या म्हणाल्या. "म्हंजे मीच मनात घातलीती. जरा सावळी, भित्री. रोज दुपारी तिच्यासंगं बोलत हुते की वो मी." मग माझ्याकडं बघून, "आणि उशी?"

"माझ्या कपाटात आहे."

"सायेब, तुमास्नी सरळ सांगता आलं असतं. मी काय दगड मारणार हुते? माझी मीच शिकवून गेले असते मशीनला, तोंडावर. पर लबाडी कशाला?"

हातातली शेंग त्यांनी आता फोडली.

"म्हशीचं, तापाचं, अण्णा-अक्काचं, समदं ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ते 'मी हाय की' तेवढं काढा. मी न्हाय तिथं. ती म्हातारी माझ्या नावानं वाट बघंल."

चहा त्यांनी विचारला नाही.

सोमवारी मी ते वाक्य काढलं. परवानगी घेतली नाही. घेतली असती तर मिळाली नसती, कारण त्या वाक्यानंतर लोक आम्हाला पाचपैकी पाच तारे देतात. महिनाअखेर तारे उतरले. वरून, पुण्याहून, विचारणा आली: सर्वांत परिणामकारक वाक्य का वगळलं, कुणाच्या सांगण्यावरून?

पहिल्यांदा मी लिहिलं, 'तांत्रिक अडचण'. ते दोन शब्द किती सहज आले. मग ते खोडले. लिहिलं, "ते वाक्य एका बाईंचं होतं. आम्ही ते त्यांना फसवून घेतलं होतं. फसवणारा मी. त्यांनी ते परत मागितलं, मी दिलं."

पाठवून आठवडा झाला. अजून उत्तर आलेलं नाही.